काहीच न करण्याबाबत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्राचा विषय वर लिहिलाय तोच आहे, पुढचं काही लिहायचं राहून गेलेलं नाही.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत सुट्टीचा सदुपयोग करण्याचे २५ मार्ग असं पानभर आलं होतं. मी ते पेन हातात घेऊन वाचलं, सवय आहे, ३३ वर्षं हिशेबाच्या टेबलावर काढलीत. २५ पैकी २२ तर सरळ सरळ कामंच निघाली. कपाट आवरा, नवीन भाषा शिका, जुने फोटो तारीखवार लावा, रोज पाच हजार पावलं चाला वगैरे. उरलेल्या तीनात एक होता "मनसोक्त आराम करा", म्हटलं चला, एक तरी माझ्यासाठी आहे, तर त्याच्याखाली आराम कसा करायचा याच्या पाच पायऱ्या दिलेल्या! आणि पाचवी पायरी अशी की आज आपण किती आराम केला याची वहीत नोंद ठेवा. अहो संपादक महोदय, नोंदी ठेवून ठेवूनच मी दमलेय, म्हणून तर आराम हवा होता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की काहीच न करणं ही एक वेगळी गोष्ट आहे, ती आरामात मोडत नाही आणि आळसात तर नाहीच नाही, आणि ती फार म्हणजे फार अवघड आहे. आळशी माणसाला काम असतं आणि तो ते टाळत असतो. टाळणं हेसुद्धा काम आहे, त्यात बुद्धी लागते, कारणं तयार ठेवावी लागतात, कुणाला कुठलं कारण सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं. आमच्या ऑफिसात एकजण कायम फाईल काखेत मारून भराभरा चालायचे, इतक्या घाईत की त्यांना अडवून काही काम सांगायची कुणाची छाती व्हायची नाही. सोळा वर्षं ती एकच फाईल होती. त्या माणसाने जेवढी पायपीट केली तेवढी आमच्यापैकी कुणीच केली नसेल, त्यांना मी काहीच न करणाऱ्यांत धरत नाही, ते खरे कष्टकरी.

मी रिटायर झाले त्याला दीड वर्ष होईल. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी विचारलं की आता पुढे काय प्लॅन, मी म्हटलं काहीच नाही. सगळे हसले, त्यांना वाटलं विनयाने बोलतेय. नंतर एकीने बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना गं?

पहिल्याच सोमवारी मी ठरवून, अगदी मुहूर्त काढल्यासारखं, अकरा वाजता गॅलरीत खुर्ची टाकून बसले. घरात कुणी नाही, फोन आतल्या खोलीत, म्हटलं आता एक वाजेपर्यंत काही म्हणजे काही करायचं नाही. बराच वेळ झाला असं वाटून घड्याळ बघितलं तर अकरा वाजून चार मिनिटं! त्यातली दोन खुर्ची पुसण्यात गेलेली. आणि मग लक्षात आलं की माझा उजवा हात माझं ऐकतच नाहीये. मी इकडे काहीच करत नव्हते आणि तो आपला आपण कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होता. त्याला मांडीवर आणून ठेवला तर त्याला ओढणीच्या काठाचा एक निघालेला दोरा सापडला. दोरा ओढला तर तो लांबला, अजून ओढला तर काठच गोळा व्हायला लागला, म्हणून कात्री आणायला उठले. कात्री जागेवर नव्हती. कात्री शोधायला ड्रॉवर उपसला, त्यात तीन संपलेली बॉलपेनं, घड्याळाचा एक पट्टा, आणि कुठल्या कुलपाच्या माहीत नाही अशा सात किल्ल्यांचा जुडगा. मी त्या सातही किल्ल्या घरातल्या एकूण एक कुलपाला लावून बघितल्या. एकही लागली नाही. टाकून द्यायचा धीर होईना म्हणून जुडगा परत ड्रॉवरमध्ये ठेवला, पण उपसलाच आहे ड्रॉवर तर खालचा कागद बदलू म्हणून तो बदलला, जुना कागद म्हणजे तुमचाच पेपर होता, त्यातली एक बातमी अर्धी वाचली, उरलेली पान ७ वर होती, पान ७ दुसऱ्या ड्रॉवरमध्ये निघालं. खुर्चीत परत येऊन बसले तेव्हा सव्वा वाजला होता आणि दोरा तसाच लोंबत होता.

मला वाटलं दोष माझाच, आयुष्यभर कामाची सवय, जाते जाते म्हणता जात नाही. पण माझा एक भाचा आहे, तो मला असल्या विषयांवरचं काहीबाही पाठवत असतो, त्याने एक भारी माहिती पाठवली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमथी विल्सन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला रिकाम्या खोलीत १५ मिनिटं एकट्याला बसवायचं, फोन नाही, पुस्तक नाही, झोपायचं नाही, नुसतं आपल्या विचारांबरोबर बसायचं. खोलीत फक्त एक बटण, ते दाबलं की विजेचा सौम्य झटका बसतो. झटका कसा लागतो ते आधीच देऊन दाखवलेलं, आणि हा झटका परत नको म्हणून आम्ही पदरचे पैसे द्यायला तयार आहोत असं त्या लोकांनी आधी सांगितलेलं. तरीपण १८ पुरुषांपैकी १२ जणांनी बसल्या बसल्या स्वतःला झटका देऊन घेतला. एका गृहस्थाने तर १९० वेळा. मी लगेच हिशेब केला, १५ मिनिटांचे ९०० सेकंद, म्हणजे पाच सेकंद पुरे व्हायच्या आत एक झटका. आमचे हे टीव्हीचा रिमोट साधारण याच वेगाने चालवतात.

बायका मात्र २४ पैकी ६ च निघाल्या. हे मी ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले बघा बायका किती शांत असतात. मी म्हटलं शांत कसल्या, आम्हाला झटके द्यायला घरात बाकीची मंडळी असतात, आम्ही कशाला आपल्या हाताने बटण दाबू.

आता विषय निघालाच आहे तर हे पण लिहिते, छापताना कापलंत तरी चालेल. पुरुषमाणूस गॅलरीत नुसता बसला तर त्याला कुणी काही विचारत नाही. विचार करत असेल असं घरचे समजून घेतात. बाई नुसती बसली की पाच मिनिटांच्या आत कुणीतरी येऊन कपाळाला हात लावून बघतं. "बरं वाटत नाही का?" बरं वाटतंय म्हटलं तर "मग कुणी काही बोललं का?" कुणी काही बोललं नाही म्हटलं तर "मग अशी का बसलीयेस?" या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला दीड वर्षात सापडलेलं नाही. माझी आईसुद्धा मोकळी बसलेली मला आठवत नाही, गप्पा मारायला बसली तरी मांडीवर बटणं तुटलेला कुणाचा तरी शर्ट असायचाच. सुया टोचत टोचत ती म्हणायची आता जरा निवांत बसलेय. तो शर्ट म्हणजे परवाना होता, हे मला आत्ता कळतंय. मी पण काही दिवस मांडीवर एक शर्ट घेऊन बसून बघितलं, नुसता, सुईदोरा न घेता. आठवडाभर कुणी काही विचारलं नाही! पण मग हे म्हणाले की झाला का माझा शर्ट शिवून, आणि ती युक्ती संपली.

बरं, आजकालच्या मुलांना सांगावं तर ती म्हणतात आम्ही पण काहीच करत नाही, आम्ही चिल करतो. चिल करणं म्हणजे मोबाईल बघणं. ते काहीच न करणं कसं होईल? तुम्ही अंगठ्याने पान वर सरकवत राहता आणि तुम्ही किती वेळ कशावर थांबलात याच्यावर कुणीतरी तिकडे पैसे मिळवत असतं, म्हणजे हे तर बिनपगारी ओव्हरटाईम झालं. झोपही यात धरता येत नाही कारण झोपलेल्या माणसाला आपण काही करत नाहीयोत हे कळतच नाही, मजा काय घेणार. ध्यानधारणेबद्दल मला आदर आहे पण सुनेच्या फोनमध्ये त्याचं एक ॲप आहे, ते रोज सांगतं की तुमचे सलग २१ दिवस झाले, आज चुकलात तर परत पहिल्यापासून. रात्री पावणेबाराला ती घाईघाईने धापा टाकत ध्यानाला बसते. आणि मुलाने मला वाढदिवसाला ते मनगटी घड्याळ घेऊन दिलंय ज्याला सगळं कळतं. मी जरा कुठे बसले की तासाभराने ते मनगटावर गुरगुरतं आणि म्हणतं उठा, थोडं हला. माझ्या साहेबांनी ३३ वर्षांत मला असं कधी हटकलं नाही.

पण या घड्याळाचा एकदा उपयोग झाला, ते सांगते.

दक्षिण कोरियात सोल शहरात २०१४ पासून चक्क काहीच न करण्याची स्पर्धा भरते. खोटं नाही. वूप्सयांग नावाच्या एका कलाकार बाईंनी सुरू केली, काम करून करून त्या पार थकून गेल्या होत्या त्यातून त्यांना ही कल्पना सुचली. मोकळ्या जागेत सगळ्यांनी बसायचं, ९० मिनिटं. फोन बघायचा नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही, डुलकी लागली तरी बाद. काही हवं असेल तर तोंडाने मागायचं नाही, रंगीत कार्ड वर करायचं. दर १५ मिनिटांनी येऊन नाडीचे ठोके मोजतात आणि बघायला आलेले लोक मतं देतात, लोकांना आवडलेल्यांपैकी ज्याचे ठोके सगळ्यात स्थिर तो जिंकला. आणि पहिल्या वर्षी जिंकलं कोण माहितीये, एक नऊ वर्षांची मुलगी!

हे वाचल्यावर मला राहवेना. एका शनिवारी दुपारी मी घरात स्पर्धा जाहीर केली. स्पर्धक तीन, मी, हे आणि आमची नात, वय वर्षं सहा. पंच सून. कार्डं नातीनेच रंगवली, निळं म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे पंखा वाढवा, आणि एक जांभळं तिने स्वतःच्या मनाने केलं, ते कशाचं ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. घड्याळ पाळीपाळीने सगळ्यांच्या मनगटाला बांधून ठोके घ्यायचे ठरलं.

ह्यांना आत्मविश्वास जबरदस्त. म्हणाले, यात तुम्ही माझ्यापुढे टिकणार नाही, मला चाळीस वर्षांचा अनुभव आहे. अकराव्या मिनिटाला घोरायला लागले. बाद. उठवून सांगितलं तर म्हणाले मी डोळे मिटून विचार करत होतो. मी विसाव्या मिनिटापर्यंत उत्तम चालले होते, पहिल्या मोजणीत ७२ आले होते, आणि तिथेच घोटाळा झाला कारण मला वाटायला लागलं की आपण जिंकू शकतो. दुसऱ्या मोजणीत ८९. काहीही न करता! सून म्हणाली आई, तुम्ही नुसत्या बसल्यात ना, मग धावल्यासारखे ठोके कशाने? आता तिला काय सांगू, की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं होतं आणि मी गेली अर्धा तास मनातल्या मनात ते सरळ करत होते. ३४ व्या मिनिटाला मी उठून ते सरळ केलं. बाद.

नात मात्र सोफ्यावर उलटी पडली होती, पाय वर भिंतीला, डोकं खाली लोंबतंय, केस जमिनीला लागलेले. हाताचं एक बोट हवेत गोल गोल फिरत होतं, ते ती फिरवत नव्हती, ते आपलं फिरत होतं. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. पंचांनी विचारलं कशी आहेस तर उत्तर नाही, नियमच आहे. ९० मिनिटं संपली, आम्ही टाळ्या वाजवल्या, तिला ते कळलंच नाही, ती तशीच अजून दहा मिनिटं होती. नंतर मी तिला विचारलं, बाळा काय करत होतीस गं एवढा वेळ, तर म्हणाली, "आजी, तूच सांगितलंस ना काही करायचं नाही म्हणून." म्हणजे बघा, माणूस हे सगळं येत असतानाच जन्माला येतो, पुढे आपण त्याला क्लास लावतो.

लहान मुलांना आपण मुंगीचं उदाहरण देतो. मुंगी बघ कशी सारखी कामात असते. मी पण दिलंय, मुलाला दिलंय, परीक्षेच्या आदल्या दिवशी दिलंय, आता त्याबद्दल वाईट वाटतं. कारण अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात डॅनियल शार्बोनो आणि ॲना डॉर्नहाऊस यांनी दगडांच्या फटीत राहणाऱ्या छोट्या मुंग्यांच्या प्रत्येक मुंगीला रंगाचे ठिपके लावून कोण काय करतं ते बघितलं. तर वारुळातल्या साधारण ४० टक्के मुंग्या बहुतेक वेळ नुसत्या उभ्या! काही नेत नाहीत, काही आणत नाहीत. बरं हे जरा विश्रांती घेताहेत असं पण नाही, त्या तशाच असतात. मग त्यांनी सगळ्यात कष्टाळू २० टक्के काढून बघितल्या, तर आठवडाभरात त्या बसलेल्यांमधूनच तेवढ्या कामाला लागल्या. आणि उलट सगळ्यात जास्त बसून असणाऱ्या २० टक्के काढल्या तर त्यांची जागा कुणीच घेतली नाही. याचा अर्थ त्या राखीव असतात, वेळ आली की उपयोगी पडाव्यात म्हणून. हे मी ह्यांना वाचून दाखवायला नको होतं. परवा मी म्हटलं अहो, जरा कपडे वाळत घाला, तर म्हणतात मी राखीव आहे.

आणि काही वेळा तर काहीच न करणं हेच बरोबर उत्तर असतं, पण ते द्यायला हिंमत लागते. फुटबॉलमध्ये पेनल्टी किक असते, गोलकीपर एकटा आणि समोरून मारणारा. इस्रायलमधल्या काही संशोधकांनी २००७ मध्ये अशा २८६ किक तपासून लिहिलंय की गोलकीपर शंभरातल्या ९४ वेळा डावीकडे नाहीतर उजवीकडे उडी मारतात, आणि गोल अडण्याची शक्यता मात्र जागेवर उभं राहण्यात सगळ्यात जास्त होती, तीनात एक, उडी मारली की ती निम्म्याहून कमी. मग तो उभा का राहत नाही? कारण उडी मारून गोल झाला तर लोक म्हणतात बिचाऱ्याने प्रयत्न केला. उभा राहून झाला तर म्हणतात खांबासारखा उभा होता. मला हे वाचल्यावर एकदम आमचं ऑफिस आठवलं, प्रत्येक नवीन साहेब आल्या आल्या टेबलं हलवायचे.

पण खरं आठवलं ते घरातलं. मागच्या महिन्यात मुलाचं आणि सुनेचं जोरात वाजलं, वीजबिल भरायचं कुणाकडून राहिलं यावरून, म्हणजे सुरुवात तिथून, मग ते बिल बाजूला राहिलं आणि चार वर्षांपूर्वीचं निघालं. मी बाहेरच्या खोलीत. आधीची मी असते तर पहिल्या मिनिटाला उठून आत गेले असते, दोघांना समजावलं असतं, मग मुलाची बाजू घेतली असं सुनेला वाटलं असतं आणि सुनेची घेतली असं मुलाला, आणि रात्री ह्यांनी मला विचारलं असतं की तुला मध्ये पडायची काय गरज होती. या वेळी मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसले. खरंच सांगते घाम आला. घड्याळाने सांगितलं उठा, थोडं हला, मी ते काढून उशीखाली घातलं. पंचवीस मिनिटांनी आतला आवाज कमी झाला, मग एकदम बंद झाला, मग दोघंही हसल्याचं ऐकू आलं. कशावर हसले कुणास ठाऊक, मला नाही कळलं आणि मी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी सून आपणहून म्हणाली, आई, काल तुम्ही काही बोलला नाहीत ते बरं केलंत. ३३ वर्षांत माझ्या कामाचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

जपानमध्ये शोजी मोरिमोतो नावाचे एक गृहस्थ तर २०१८ पासून हाच व्यवसाय करतात, काहीच न करणारा माणूस भाड्याने मिळेल म्हणून. लोक त्यांना बोलावतात आणि ते येऊन फक्त असतात. कुणाला स्टेशनवर निरोप द्यायला कुणी नसतं तर हे जाऊन हात हलवतात, कुणाला घटस्फोटाचे कागद भरताना शेजारी कुणीतरी बसायला हवं असतं. सल्ला देत नाहीत, मदत करत नाहीत, विचारलं तर थोडक्यात उत्तर देतात. आधीच्या नोकरीत त्यांना ऐकून घ्यावं लागलं होतं की तू असलास काय आणि नसलास काय, सारखंच. मला ते वाचून हसूही आलं आणि जरा पोटात तुटलंही, कारण शेजारी नुसतं बसणारं माणूस आपल्यातही किती कमी झालंय. आजारी माणसाला भेटायला गेलं तरी आपण बसत नाही, आपण औषधं सुचवतो.

तुम्ही म्हणाल बाई, असं सगळेच बसले तर जग कसं चालायचं. अहो ते ठरलंच होतं की! जॉन मेनार्ड केन्स, मोठे अर्थतज्ज्ञ, त्यांनी १९३० मध्ये लिहून ठेवलंय की शंभर वर्षांत यंत्रं इतकी पुढे जातील की आपल्या नातवंडांना आठवड्याला १५ तास काम पुरेल आणि मोठा प्रश्न हा असेल की उरलेल्या वेळाचं करायचं काय. ती शंभर वर्षं २०३० ला भरतात. यंत्रं तर आली. कपडे धुणारं आलं, केर काढणारं आलं, पत्र लिहून देणारंसुद्धा आलंय म्हणतात. पण माझा मुलगा १५ तास काम करतो खरं, फक्त आठवड्याचे नाही, काही काही दिवशी एका दिवसाचे. मग बाकीचे तास गेले कुठे? मी हिशेबातली बाई आहे, एवढी मोठी तफावत आमच्या वेळी ऑडिटमध्ये सुटली नसती. तुमच्या एखाद्या वार्ताहराला या मागे लावा, पुरवणीत छापायला २५ मार्गांपेक्षा चांगला विषय आहे.

एक मात्र कबूल करायला हवं, डोकं काही रिकामं बसत नाही. मेंदू वजनाला शरीराच्या २ टक्केच पण शक्ती खातो २० टक्क्यांच्या आसपास, आणि आपण काहीच करत नसलो तरी खातच राहतो. २००१ मध्ये मार्कस राइकल यांनी दाखवलं की माणूस नुसता पडलेला असताना मेंदूचे काही भाग उलट जास्त चालू असतात, काम दिलं की ते मंदावतात. म्हणजे आपण गॅलरीत बसतो तेव्हा आत कुणीतरी ड्रॉवर उपसत बसलेलंच असतं. मला तर बसल्या बसल्या परवा एकदम आठवलं की त्या सातातली पितळी किल्ली कशाची होती, वडिलांच्या सायकलच्या कुलपाची. सायकल जाऊन पस्तीस वर्षं झाली असतील. मी उठले नाही. जाऊन बघितलं नाही. कुणाला सांगितलंही नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. नुसती बसून त्या सायकलच्या घंटीचा आवाज आठवत होते, एका बाजूला ती जरा दबलेली होती त्यामुळे ट्रिंग न होता ट्रक असं व्हायचं.

सध्या माझा रेकॉर्ड २२ मिनिटांचा आहे. गॅलरीतच, हात मांडीवर, दोरा दिसला तरी हात न लावता. नात म्हणते आजी तुझं अजून चुकतंय कारण तू मध्येच घड्याळ बघतेस. बरोबर आहे तिचं. रेकॉर्ड आहे म्हणजेच मी मोजतेय, आणि मोजतेय म्हणजे त्या पाचव्या पायरीवरच उभी आहे, हे मला कळतं पण हिशेबाची खोड आहे ती मोडायला वेळ लागेल.

तर आता मुद्द्याची मागणी. तुमच्या रविवारच्या पुरवणीत एक चौकोन कोरा सोडावा, फार मोठा नको, तळहाताएवढा. त्यात काहीही छापू नये, "येथे लिहा" असं नको, "या जागेत दीर्घ श्वास घ्या" असं तर अजिबात नको, कडेने नक्षीही नको. वाचकाची नजर तिथे आली की तिने थोडा वेळ तिथे नुसतं बसावं. मला कल्पना आहे की तुमच्या जाहिरात विभागाला ही जागा रविवारपर्यंत कोरी ठेवणं जड जाईल, त्यांचे हात माझ्यासारखेच असणार. तरी प्रयत्न व्हावा.

पत्र लांबलंय, तुमची शब्दमर्यादा २०० आहे ते मी वाचलंय, जिथून कापायचं तिथून कापा, फक्त सुनेचं कौतुक ठेवा, तिला दाखवायचंय. हे पत्र मी तीन आठवड्यांपूर्वी लिहायला घेतलं आणि मग मध्ये बरेच दिवस काहीच केलं नाही, म्हणून वर मागचा रविवार लिहिलंय तो आता बराच मागचा झालाय.

उत्तराची घाई नाही. या पत्रावर तुम्ही काहीच केलं नाहीत तर मागणी मान्य झाली असं मी समजेन.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव छापू नये, ऑफिसातले लोक परत विचारतील घरी सगळं ठीक आहे ना)